सवय नाही हो, पंप!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवाच्या आरोग्य पानावर 'केमोची शरीराला सवय होते आणि मग ती लागू पडत नाही' असं छापलंय ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. बरीच वर्षं लॅबमध्ये पेशी वाढवायचं काम केलंय त्यामुळे हे डोळ्यांनी बघितलेलं आहे.

डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध लालभडक असतं आणि फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपखाली आपोआप चमकतं, म्हणजे पेशीत कुठपर्यंत पोचलं ते सरळ दिसतं. साध्या कॅन्सरपेशींवर टाकलं की थोड्या वेळात न्यूक्लिअस (पेशीचं केंद्रक) लालेलाल. रेझिस्टंट, म्हणजे औषधाला दाद न देणाऱ्या पेशींवर तेवढंच टाका, त्या जवळजवळ काळ्याच राहतात, आणि आता त्यातच वेरापामिल घाला (हो, तेच बीपीवालं) की त्याच पेशी हळूहळू लाल व्हायला लागतात! पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी डिश बदलली की काय म्हणून लेबल तपासलं होतं.

म्हणजे औषध आत जातच होतं, पण पेशी ते उपसून बाहेर टाकत होती, होडीत शिरलेलं पाणी उपसावं तसं. उपसणारं प्रोटीन पेशीच्या आवरणात बसलेलं असतं, नाव पी-ग्लायकोप्रोटीन, आणि ते एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळून चालतं. ज्युलियानो आणि लिंग या संशोधकांनी 1976 मध्ये हॅमस्टरच्या पेशींत ते दाखवलं. त्या पेशी कोल्चिसिन या औषधाला दाद देत नव्हत्या, पण गंमत म्हणजे जी औषधं त्यांनी कधी बघितलीच नव्हती त्यातल्याही कितीतरींना देत नव्हत्या. आता मला सांगा, न भेटलेल्या औषधाची सवय कशी होईल? या पंपाला एकच एक औषध ओळखायचं नसतं, तेलकट स्वभावाचं, आवरणात सहज शिरणारं बरंच काही तो पकडतो, केमोतलं व्हिन्क्रिस्टिन काय नि पॅक्लिटॅक्सेल काय.

मग पंपच बंद करा की, असं कुणीही म्हणेल. वेरापामिलने डिशमध्ये जमतं, पण माणसात तेवढा डोस द्यायचा तर हार्टला झेपत नाही. नंतर खास पंप बंद करायला बनवलेली वाल्सपोडार, टारिक्विडार ही औषधं आली, ट्रायल्समध्ये तीही पडली. एक कारण म्हणजे हाच पंप नको ते बाहेर टाकत आपल्या आतड्यात, लिव्हरमध्ये, किडनीत आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांतही राखण करत असतो. काही कोली कुत्र्यांत त्याचा जीन जन्मतःच बिघडलेला असतो, तर इतर कुत्र्यांना सहज पचणारा आयव्हरमेक्टिनचा (जंतांवरचं औषध) डोस त्यांच्या थेट मेंदूत जाऊन जिवावर बेततो.

सगळा दोष याच पंपाचा असंही नाही, एमआरपी१ आणि बीसीआरपी हे असेच पंप, त्याची भावंडं, आहेतच, आणि सिसप्लॅटिन या केमोच्या औषधाला तर हा पंप हातही लावत नाही, तिथे कारणं वेगळी.

एवढं लांबण लावलं कारण ते पान वाचून आमच्या मावशीने फोन करून विचारलं, "अरे, माझंच शरीर निगरगट्ट झालंय का?" तिची केमो नुकतीच बदललीय. तिला अर्धा तास समजावत बसलो की उपसाउपशी त्या गाठीतल्या पेशींची चाललीय गं, तुझी नाही. पुढच्या वेळी 'शरीराला सवय' च्या जागी 'गाठीतल्या पेशी औषध बाहेर फेकतात' असं छापा, जागा फार काही जास्त लागणार नाही.

आपला,
एक वाचक