भंगारवाला घेत नाही ते प्लॅस्टिक

पुणे, १८ जून

प्रिय विन्या,

सोसायटीनं ओला-सुका कचरा वेगळा करायची सक्ती केल्यापासून तुमचा सुक्याचा डबा दोन दिवसांत ओसंडतो म्हणतोस. एवढं प्लॅस्टिक घरात येतं कुठून, हा तुझा प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर उरकण्यासारखा नाही, म्हणून पत्र. तसंही तुला लिहायला निमित्तच हवं होतं.

आमच्याकडे या विषयातलं जाणकार माणूस म्हणजे कचरा न्यायला येणाऱ्या ताई. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली, आणि २००८ पासून त्यांचीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा उचलते. घरटी महिन्याला मिळणारे पैसे आणि सुक्यातून निघालेलं भंगार, यावर यांचं घर चालतं. त्यामुळे कुठल्या प्लॅस्टिकला भाव आहे हे त्यांना हात लावताच कळतं. एकदा त्या जिन्याखाली आमचाच डबा निवडत बसल्या होत्या, तेव्हा मी शेजारी उभा राहिलो. दुधाच्या पिशव्या एका पोत्यात, पाण्याच्या बाटल्या दुसऱ्यात, शॅम्पूच्या जाड बाटल्या वेगळ्या. मग वेफर्सचं पाकीट हाती आलं. त्यांनी ते मुठीत गच्च चुरगाळलं, मूठ उघडली, तर ते कुरकुरत पुन्हा फुललं. “हे कुनी घेत न्हाई, दादा,” म्हणाल्या आणि बाजूला भिरकावलं.

कारण साधं आहे. त्या पाकिटात वेगवेगळ्या प्लॅस्टिकचे पातळ थर असतात आणि त्यांवर अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा. ते सोडवणं परवडत नाही, आणि वजन इतकं नगण्य की पोतंभर वेचलं तरी हाती काही लागत नाही. बिस्किटं, नूडल्स, सॉस, शॅम्पूची पुडी, सगळी याच जातीची. २०१६ च्या केंद्राच्या प्लॅस्टिक कचऱ्याच्या नियमांत, पुनर्वापर न होणारं असलं वेष्टन दोन वर्षांत बंद करायचं ठरलं होतं. २०१८ साली दुरुस्ती आली आणि त्यात मेख मारली: ज्याच्यापासून ऊर्जाही मिळत नाही आणि ज्याचा दुसरा काही उपयोगही नाही, तेवढंच बंद. अरे, प्लॅस्टिक जाळलं की ऊर्जा निघणारच! सुटलं पाकीट.

म्हणून मी घरातलं प्लॅस्टिक मोजत बसत नाही. विकलं जाणारं आणि न विकलं जाणारं, एवढे दोनच भाग करतो आणि दुसऱ्याच्या मागे लागतो. फरसाण कोपऱ्यावरच्या दुकानातून डबा नेऊन आणतो. पहिल्यांदा त्याने डब्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहिलं, आता स्वतःच आधी रिकामा डबा काट्यावर ठेवतो. नानकटाई बेकरीत आपला रवा-मैदा-तूप-साखर देऊन भाजून आणतो, मसाला डंकावरून. शॅम्पूच्या पुड्या बंद.

दुधाची पिशवी मात्र आहेच, २०१८ च्या राज्याच्या प्लॅस्टिकबंदीतूनही ती वगळलेली. पण तिला भाव आहे, फक्त ती नीट कापली पाहिजे. आपण कात्रीने कोपरा उडवतो आणि तो चिमुकला तिकोनी तुकडा कायमचा कचऱ्यात जातो, तो कोण वेचणार? नुसती चीर द्यायची, तुकडा लोंबता ठेवायचा. मग पिशवी विसळून ते पाणी कढीपत्त्याला आणि पिशवी दोरीवर. आमच्या बाल्कनीला बारमाही तोरण लागलंय, असं बायको म्हणते.

आणि त्या कापडी दिसणाऱ्या पिशव्यांना भुलू नकोस. २३ जून २०१८ ला पाच हजारांच्या दंडासकट बंदीची अंमलबजावणी सुरू झाली आणि दुकानादुकानांत त्या रंगीत नॉन-वोव्हन, म्हणजे न विणलेल्या, पिशव्या दिसू लागल्या. त्यातल्या बहुतेक पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लॅस्टिकच. पटत नसेल तर बारीकशी चिंधी चिमट्यात धरून काडी लाव. सुताची असेल तर राख होते, ही आक्रसते आणि टोकाला कडक मणी धरतो. खिडकी उघडी ठेव बाबा, वास वाईट असतो.

त्यावरून आठवलं. गावी काकू अजून बंब पेटवायला प्लॅस्टिकच्या पिशव्या घालतात का? तेवढं बंद करायला लाव. पिशव्यांचा धूर वाईटच, त्यात मोडक्या पाइपसारखं पीव्हीसी (त्याच जातीचं टणक प्लॅस्टिक) जळलं की डायऑक्सिन नावाची विषारी द्रव्यं सुटतात, आणि त्या फुंकणी घेऊन नेमक्या तोंडाशीच बसलेल्या असतात. तिथे घंटागाडी येत नाही, मला माहीत आहे. पण पोत्यात भरून ठेवलंस तर गेल्या-आल्या गाडीतून नाशकात आणता येईल. ग्रामपंचायतीच्या नावाने बोटं मोडायची तर तीही मोड, माझी ना नाही.

नातवाचे डायपर आणि गोळ्यांच्या पट्ट्या यांचं काय करायचं, ते मला सुचलेलं नाही. डायपर निदान जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून देतो, म्हणजे ताईंचा हात त्यात पडत नाही.

तू एक कर. तुमच्या घंटागाडीवरच्या माणसाला गाठ आणि तो काय ठेवून घेतो, काय टाकून देतो ते विचार. भाव गावागणिक बदलतो, नाशकात आमच्यापेक्षा वेगळं काही विकलं जात असेल तर मला कळव. वहिनींना नमस्कार. आणि आंब्याची पेटी पाठवलीस तर ती गवतात भर, थर्मोकोल नको.

तुझा,
बंड्या