पुन्हा जंताचे औषध पाजण्याआधी पिल्लाची शी तपासा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या सोसायटीच्या वाहनतळात कुत्रीला चार पिल्ले झाली आणि त्यांपैकी एक आम्ही गेल्या आषाढात घरी आणले. चिंगी तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची होती. ती खेळत होती, पोटभर खात होती. मात्र तिची शी काही केल्या बांधून येत नव्हती. कधी ती शेणासारखी मऊ असे, कधी शेंबडासारखी चिकट, पिवळसर आणि असह्य दुर्गंधीची; मध्येच दोन दिवस सारे अगदी नीट होई आणि आम्ही निर्धास्त होत असू. सात आठवड्यांत तिला चार वेळा जंताचे औषध पाजले गेले. दोनदा ते दवाखान्यात दिले, एकदा औषधाच्या दुकानातून आणले आणि एकदा शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून पाजले. या काळात तिची शी तपासण्याचे कोणी सुचवले नाही आणि आम्हालाही ते विचारावेसे वाटले नाही, याची खंत आहे. तिचे वजन वाढायचे थांबले, बरगड्या हाताला लागू लागल्या. अखेर एका पशुवैद्यांनी लागोपाठ तीन दिवसांचे नमुने मागवले. पहिल्या दोन नमुन्यांत काही आढळले नाही. तिसऱ्यात जिआर्डिया सापडला.

जिआर्डिया हा जंत नव्हे. तो लहान आतड्याच्या अस्तराला चिकटून राहणारा एकपेशीय परजीवी आहे. त्यामुळे गोलकृमी व अंकुशकृमींवर उत्तम काम करणारे पायरँटेलचे सिरप कितीही वेळा पाजले, तरी त्याच्यावर परिणाम होत नाही. पिल्लांना ठरलेल्या वेळी जंताचे औषध द्यायलाच हवे, त्याबद्दल माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो गुण येत नसताना, न तपासता तेच औषध पुन्हापुन्हा देण्याला. हा जीव काही दुर्मीळ किंवा नवाही नाही. लेव्हेनहूक या डच संशोधकाने १६८१ मध्ये स्वतःच्या पातळ शीत तो एका साध्या भिंगाखाली पाहिला होता. मात्र त्याचे कोष, म्हणजे संसर्ग पसरवणारी त्याची कवचबंद अवस्था, विष्ठेतून रोज पडत नाहीत, म्हणून एकच नमुना तपासून ‘काही नाही’ असे म्हणता येत नाही; तीन ते पाच दिवसांत घेतलेले तीन नमुने तपासावे लागतात.

निदान झाल्यावर फेनबेंडॅझोल सुरू झाले. वजनाच्या दर किलोला ५० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, ३ ते ५ दिवस असे त्याचे साधारण प्रमाण असते, आणि त्यासाठी पिल्लाचे वजन अंदाजाने न ठरवता काट्यावर करावे लागते. याच आजारावर मेट्रोनिडॅझोलही देतात. माणसांसाठी आणलेल्या त्याच्या उरलेल्या गोळ्या अनेक घरांत पडून असतात. त्या मनाने पिल्लाला देऊ नयेत, ही कळकळीची विनंती. मात्रा जास्त झाली तर मज्जासंस्थेवर परिणाम होऊन पिल्लू झोकांड्या खाऊ लागते.

तरीही आमचा पहिला उपचार फसला, कारण औषधाइतकीच स्वच्छता महत्त्वाची आहे हे आम्हाला ठाऊक नव्हते. विष्ठेतून बाहेर पडलेला कोष त्याच क्षणी संसर्ग करण्यास समर्थ असतो. तो शेपटीखालच्या केसांना चिकटतो, पिल्लू अंग चाटते आणि नुकतेच बरे झालेले आतडे पुन्हा बाधित होते. थंड, ओलसर जागी हे कोष आठवडेच्या आठवडे तग धरतात आणि नळाच्या पाण्यातील क्लोरीनला सहसा दाद देत नाहीत. कोरडेपणा आणि उकळते पाणी मात्र त्यांना सहन होत नाही. श्रावणात पुण्यातल्या गॅलरीत पिल्लाचे अंथरूण चार-चार दिवस वाळत नाही, हे कोणालाही पटेल. दुसऱ्या खेपेस आम्ही प्रत्येक शी लगेच उचलली, पाण्याचे भांडे रोज उकळत्या पाण्याने धुतले, जुनी गोधडी काढून रोज उकळता येतील असे सुती कपडे अंथरले आणि फरशी आधी घासून, मग बेंझाल्कोनियम क्लोराइड असलेल्या जंतुनाशकाने पुसून पंख्याखाली पूर्ण कोरडी केली. औषधाच्या शेवटच्या दिवशी चिंगीला शाम्पू लावून, मागचा भाग विशेष काळजीने धुऊन आंघोळ घातली. आठवडाभरात तिची शी बांधून आली. उपचारानंतरही काही आठवडे शीची पट्टीवरची झटपट चाचणी होकारार्थी येऊ शकते. पिल्लू ठणठणीत असेल तर केवळ त्यापायी औषध लांबवायचे नसते, हेही तेव्हाच समजले.

याच काळात सोसायटीतील काहींनी, मुलांना रोग लागेल म्हणून, पिल्लू बाहेर सोडण्याचा आग्रह धरला. कुत्र्यांत सहसा आढळणारे जिआर्डियाचे प्रकार माणसांना क्वचितच बाधतात. शंका राहते हे खरे, म्हणून साबणाने हात धुवावेत आणि घरातील लहान मुलांना व आजारी माणसांना पिल्लाच्या शीपासून दूर ठेवावे. पिल्लू रस्त्यावर सोडल्याने मात्र हेच कोष चौकातल्या डबक्यापर्यंत पोहोचतात.

महापालिका कुत्रा पाळण्याचा परवाना देते. त्यासोबत विष्ठा तपासणीची माहिती देणारे एक पानी मराठी पत्रक द्यावे, अशी माझी विनंती आहे. औंध येथे पशुसंवर्धन खात्याची रोगनिदान यंत्रणा आहे. तेथे पाळीव प्राण्यांचे कोणते नमुने स्वीकारले जातात, हे खात्याने वृत्तपत्रांतून जाहीर करावे. शहरातील पशुवैद्यांनीही, दुसऱ्या औषधाने गुण आला नाही तर तिसरे लिहून देण्याआधी नमुना मागावा.

चिंगीची तीन भावंडे अजून वाहनतळातच आहेत आणि त्यांचीही शी पातळ आहे. त्यांचे नमुने आम्ही या आठवड्यात तपासायला देत आहोत. खर्च आठ घरांनी वाटून घेतला आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, एरंडवणे, पुणे