फोन कुणी उचलला, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोबाइलवरून घेतलेल्या सर्वेक्षणांचे निष्कर्ष आपल्या अंकात हल्ली वरचेवर येतात. ‘इतके टक्के ग्राहक म्हणतात’ असा मथळा असतो. पण ते ग्राहक कोणते, त्यांना कसे गाठले, किती जणांनी प्रश्न ऐकताच फोन ठेवला, हे बातमीत सापडत नाही. सातारा-सांगली भागात मी पंचवीस वर्षे घरोघरी जाऊन सर्वेक्षणाचे फॉर्म भरले, म्हणून राहवत नाही.

यंत्राला माझा विरोध नाही. आईचे वय २२ आणि थोरल्या मुलाचे १२, अशी चूक कागदावर झाली तर ती कार्यालयात तपासणीच्या वेळी कळायची. तोवर आम्ही दुसऱ्या गावी पोहोचलेलो असायचो. टॅबलेट ती चूक उंबऱ्यावरच अडवतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१५-१६ ची फेरी अशीच यंत्रावर भरली गेली.

पण तिथे यंत्र विचारणाऱ्याच्या हातात होते. घर आधीच यादीतून निवडलेले असे. कुलूप दिसले तर पुन्हा जायचे, शेजाऱ्याकडे बसून फॉर्म भरायचा नाही, ही आमची शिस्त होती. आता यंत्र उत्तर देणाऱ्याच्या हातात गेले आहे. ज्याच्याकडे फोन, रिचार्ज आणि सवड, तोच नमुन्यात, म्हणजे विचारलेल्या लोकांत, येतो. त्यात फसवणुकीच्या फोनांमुळे अनोळखी नंबर उचलायलाच लोक घाबरतात, आणि त्यांचे चूक नाही.

सगळ्यात मोठी गळती बायकांची होते. याच आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता; ग्रामीण भागात निम्म्यांहून कमी जणींकडे. घरात फोन असतो, पण तो नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खिशात. माण तालुक्यात एका घरी मालक मला तेलाचा भाव सांगत होते. आतून त्यांच्या मंडळी म्हणाल्या, “तो गेल्या दिवाळीचा भाव. आता कुठं मिळतंय?” मी आकडा खोडून नवा लिहिला. ‘हो असल्यास १ दाबा’ म्हणणाऱ्या फोनला हा आतला आवाज ऐकू येत नाही.

कंपन्या सांगतात की स्त्रियांची उत्तरे कमी आली तर भारांक देऊन, म्हणजे आलेल्या प्रत्येक उत्तराचे वजन वाढवून, भरपाई करतो. ती भरपाई स्वतःचा फोन असलेल्या स्त्रीच्या उत्तरांतून होते. जिच्याकडे फोनच नाही तिचा खर्च, तिची अडचण वेगळी. ती त्यातून कशी उमटणार?

नमुना मोठा असल्याचेही सांगितले जाते. अमेरिकेत १९३६ साली एका साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी मुख्यतः टेलिफोनच्या डिरेक्टरीतून आणि मोटारींच्या नोंदींतून, म्हणजे बहुतेक सुखवस्तू घरांचे, पत्ते काढून कौल घेतला. २३ लाखांवर उत्तरे आली, त्यांवरून लँडन हे उमेदवार जिंकणार असे छापले. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रुझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली.

तेव्हा माझी विनंती अशी. सर्वेक्षणाची बातमी देताना किती जणांना फोन केले, किती जणांनी उत्तरे दिली, त्यांत बायका किती, खेड्यातले किती आणि पैसे कुणी दिले, एवढे सोबत छापावे. संस्था हे देत नसेल, तर ‘माहिती देण्यास नकार’ असे तिच्या नावापुढे लिहावे.

आपला,
एक निवृत्त सर्वेक्षक, कराड