रोमकरांस पत्रातली प्रश्नचिन्हं शोधून देणाऱ्या मित्रास

सप्रेम नमस्कार.

नाव घेऊ नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून घेत नाही. पण नुसत्या निरोपातून आभार कळवून माझ्या मनाचं समाधान होईना. म्हणून हे चारचौघांत लिहितो आहे.

आमच्या अहिल्यानगरच्या ख्रिस्ती मंडळीत बायबल अभ्यासाचा एक छोटा वर्ग चालतो. यंदा आम्ही नव्या करारातलं, प्रेषित पौलाने रोममधल्या ख्रिस्ती लोकांना ग्रीकमध्ये लिहिलेलं रोमकरांस पत्र हाती घेतलं. या पत्रात पौल सतत प्रश्न विचारतो. समोर कुणी हुज्जत घालणारा बसलाय असं धरून तो विचारतो आणि पुष्कळदा स्वतःच ठणकावतो, छे, मुळीच नाही! हा नकार पत्रात १० वेळा येतो आणि दहाही वेळा त्याच्या आधी प्रश्न असतो. ते सापडायला काही अडचण नव्हती. नकाराचे ग्रीक शब्द टाकले की संगणक यादी हातात देतो. आम्हाला हवे होते बाकीचे प्रश्न, ज्यांना असं ठणकावून उत्तर मिळत नाही, जे वाचणाऱ्याच्या अंगावर तसेच राहतात. ते शब्दांवरून सापडत नाहीत. चोरी करू नको असं सांगणारा तू स्वतः चोरी करतोस? दुसऱ्या अध्यायातल्या या ग्रीक वाक्यात काय, का, कोण असा एकही प्रश्नार्थक शब्द नाही. तो प्रश्न ठरतो तो शेवटच्या खुणेमुळे. आम्हाला ती खूण शोधायची होती.

विकत घेतलेल्या बायबल अभ्यासाच्या सॉफ्टवेअरमध्ये ते जमेना. शोधाच्या चौकटीत प्रश्नचिन्ह टाकलं तर त्याचा अर्थ ‘इथे कोणतंही एक अक्षर’ असा घेतला जाई. ग्रीक प्रश्नचिन्ह दिसतं आपल्या अर्धविरामासारखं, पण तो टाकला तर काहीच हाती लागत नसे. कंपनीच्या मदतकक्षाकडून उत्तर आलं की विरामचिन्हं शोधात धरली जात नाहीत, आणि तक्रार ‘निकाली’ म्हणून बंद. मी काय शोधतोय आणि कशासाठी, हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

त्याहून जास्त लागलं ते एका शिकलेल्या गृहस्थांचं बोलणं. मूळ लिखाणात विरामचिन्हं नव्हतीच, मग ती कशाला शोधता, आणि साध्या विश्वासणाऱ्याला ग्रीक हवं कशाला, असं ते म्हणाले. त्यांचं पहिलं म्हणणं खरंच आहे. पौलाने सांगितलं आणि त्याचा लेखनिक तर्तिय याने लिहून घेतलं, तेव्हा अक्षरं एकाला एक लागून, शब्दांमध्ये जागासुद्धा न सोडता लिहिण्याची रीत होती. ही प्रश्नाची खूण ग्रीक हस्तलिखितांत दिसू लागते ती आठव्या-नवव्या शतकाच्या सुमारास. पण म्हणूनच तर ती शोधायची! छापील ग्रीक नव्या करारातलं प्रत्येक प्रश्नचिन्ह म्हणजे कुणा संपादकाने विचार करून घेतलेला निर्णय आहे. आठव्या अध्यायात, देवाच्या निवडलेल्यांवर दोषारोप कोण ठेवील, याच्या पुढचं वाक्य उत्तर म्हणून वाचायचं की आणखी एक प्रश्न म्हणून, यावर जाणत्यांचे मतभेद आहेत. नवव्या अध्यायाच्या पाचव्या वचनात पूर्णविराम द्यायचा की स्वल्पविराम, यावर ख्रिस्ताला तिथे देव म्हटलंय की नाही हे अवलंबून राहतं. एवढं जिथे एका खुणेवर तोललेलं आहे, तिथे ती खूण पाहू नका असं कसं सांगता? आणि ग्रीक कुणाला हवं हे महाराष्ट्रात तरी कुणी विचारू नये. पंडिता रमाबाईंनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनमधली एवढी कामं अंगावर असताना हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून सबंध पवित्र शास्त्र मराठीत आणलं.

अशा वेळी तुम्ही भेटलात. तुम्ही ख्रिस्ती नाही, ग्रीक तुम्हाला वाचता येत नाही, आणि त्या कंपनीशी तुमचा काडीचाही संबंध नाही. मी जे विचारलं होतं ते तुम्ही नीट वाचलंत. बहुतेक सॉफ्टवेअर आधी शब्दांची सूची बनवतं आणि ती बनवतानाच खुणा गाळून टाकतं, म्हणून सूचीत कितीही शोधलं तरी त्या मिळायच्या नाहीत, हे तुम्ही मला कळेल असं सांगितलंत. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ग्रीक प्रश्नचिन्हाला वेगळा क्रमांक आहे, पण पुष्कळ फायलींत त्या जागी साधा अर्धविरामच असतो, तेव्हा दोन्ही शोधा, हेही सांगितलंत. मग ग्रीक नव्या कराराचे दोन संपादित पाठ, १८८१ सालचा वेस्टकॉट आणि हॉर्ट या संपादकांचा पाठ आणि २०१० साली निघालेला एसबीएल (सोसायटी ऑफ बिब्लिकल लिटरेचर) या संस्थेचा पाठ, दोन्ही मोफत मिळणारे, सूची बाजूला ठेवून थेट मजकुरात शोधून मला याद्या पाठवल्यात. एवढ्यावरही मी तुमचा ऋणी राहिलो असतो.

पण याद्यांच्या खाली तुम्ही लिहिलं होतं: ‘यंत्रावर एकदम भरवसा नको, म्हणून तिसरा अध्याय मी हाताने मोजला. तिसऱ्या वचनात दोन्ही पाठांत खूण वेगवेगळ्या जागी दिसते. माझं चुकतंय की तिथे मुळातच असं आहे?’

अहो, हे मी किती वेळा वाचलं असेल! ज्या लिपीतलं एक अक्षर ओळखीचं नाही, त्या लिपीतला अख्खा अध्याय तुम्ही ओळीवर बोट ठेवून तपासलात. तोही अशा माणसासाठी, ज्याला तुम्ही पाहिलेलं नाही. आणि तुमचं चुकलं नव्हतं. ‘मग काय?’ एवढ्यावरच प्रश्न संपवायचा, की ‘काहींनी विश्वास ठेवला नाही तर काय?’ इथवर तो न्यायचा, यावर संपादकांचं एकमत नाही. शिकलेल्या गृहस्थांनी जे बघायलाच नको म्हटलं, ते तुम्ही भाषा न येता बघितलंत.

त्या रविवारी वर्गाचा सगळा वेळ त्या एका वचनात गेला. आमच्यातल्या एका आजींनी दोन्ही तऱ्हांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. पहिल्या तऱ्हेने पौल घाईत, जरा चिडलेला वाटला, दुसऱ्या तऱ्हेने समजुतीने बोलणारा. मग कोणता खरा यावर जी चर्चा झाली, ती तुम्ही ऐकायला हवी होती.

मदत करणारे तसे पुष्कळ असतात, पण दुसऱ्याचं काम स्वतःचं समजून तपासणारा माणूस विरळा. ज्ञान कमी असलं तरी चालतं, ते मागाहून मिळवता येतं. दुसऱ्याच्या प्रश्नाला क्षुल्लक न मानणं हे मात्र मुळात अंगी असावं लागतं. मोठमोठ्या संस्थांकडून ते मिळालं नाही, ते तुमच्याकडून मिळालं. तुमच्या आईवडिलांनी तुम्हाला चांगलं वळण लावलं आहे, आणि हे वयाने मोठा म्हणून नव्हे, मनापासून म्हणतो.

आता वर्ग गलतीकरांस पत्राकडे वळेल. त्याच्या तिसऱ्या अध्यायात पौल सुरुवातीलाच प्रश्नांची सरबत्ती करतो. तुम्ही दाखवलेल्या रीतीने यादी काढीन, तो अध्याय स्वतः हाताने मोजीन आणि मगच वर्गात वाटीन. दोन पाठांत कुठे फरक दिसला तर तुम्हालाही कळवीन, कारण तुम्हाला आता त्यात गोडी वाटू लागली आहे असं तुम्हीच लिहिलंत. इकडे येणं झालं तर रविवारी उपासना संपल्यावर आमच्या वर्गात नक्की या. आजींना तुम्हाला जेवू घालायचं आहे.

आपला ऋणी,
अहिल्यानगरच्या बायबल अभ्यासवर्गातला एक सभासद