मेटल कॅप म्हणजे नेमका कुठला मेटल?

संपादक महोदय,

सध्या व्हॉट्सॅपवर एक मेसेज फिरतोय, दाढेत चांदी भरली असेल तर ताबडतोब काढून टाका, त्यात पारा असतो. पारा असतो हे खरंय, या ‘चांदी’त जवळजवळ निम्मा पाराच, बाकी खरी चांदी, कथील, तांबं. पण घट्ट बसलेली चांदी उगाच ड्रिल करून काढली तर पाऱ्याची वाफ उलट तेव्हाच जास्त निघते, हे मेसेजवाले सांगत नाहीत. युरोपियन युनियनने जानेवारी २०२५ पासून चांदी भरणं जवळपास बंद केलंय, ते मुख्यतः पर्यावरणासाठी.

मला बोलायचंय ते वेगळंच. आमच्या वडिलांच्या खालच्या दाढेत जुनी चांदी आहे, मध्यंतरी रूट कॅनॉल करून बरोबर तिच्या वरच्या दाढेला धातूची कॅप बसवली आणि तेव्हापासून भाकरी चावताना दोन्ही टेकल्या की सण्णकन करंट बसायचा, वर तोंडाला सारखी तांब्यासारखी कडवट चव. घरचे म्हणाले वयामुळे भास होतोय. अहो भास कसला, दोन वेगळे धातू आणि मधे क्षार असलेली लाळ, बॅटरीला अजून काय लागतं? पहिली बॅटरी बनवणाऱ्या व्होल्टा या शास्त्रज्ञाने ती बनवायच्या आधी जिभेवर कथलाचा वर्ख आणि चांदीचं नाणं ठेवून हीच गंमत बघितली होती. वरच्या दाढेची नस काढलेली म्हणून ती गप्प, कळ यायची ती खालच्या जिवंत दाढेत.

आता कमी झालंय. धातूवर पातळ थर चढतो आणि बहुतेकांचं हे आपोआप थांबतं, डॉक्टरही तेच म्हणाले. पण कळ थांबली म्हणजे झीज थांबलीच असं नाही. सोन्याच्या कॅपला चांदी टेकत असेल तर झिजते चांदीच, तिच्यातलं कथील आधी सुटतं, आणि ताज्या चांदीतला पारा सोन्याला लागला तर सोनं पांढरट पडतं, कुठल्याही सराफाला विचारा. स्वस्तातल्या कॅपमधे बऱ्याचदा निकेल असतं. इमिटेशनचे कानातले (त्यातही बऱ्याचदा निकेलच) घातले की ज्या बायकांचे कान खाजतात त्यांच्या तोंडात ते बसवायच्या आधी कोणी विचारतं का? टायटॅनियमच्या इम्प्लांटवर, म्हणजे हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळावर, निकेलची कॅप बसवली तरी प्रश्न येतोच, तिथे गंजायची पाळी कॅपची.

आणि आमच्या बिलावर काय, तर ‘मेटल कॅप १’. कुठला मेटल विचारलं तर ‘चांगल्या क्वालिटीचा आहे काका’. पुढे दुसऱ्या गावात दुसऱ्या डेंटिस्टकडे गेलो तर तो काय ओळखणार, नुसतं बघून निकेल की कोबाल्ट कळत नाही. लॅबला तर माहीतच असतं कुठला अलॉय (मिश्रधातू) वापरलाय, तेवढं नाव बिलावर लिहायला काय हरकत आहे? डेंटल असोसिएशनच्या मंडळींनी हे मनावर घ्यावं, आणि नवीन कॅप बसवताना तोंडात आधी काय काय आहे ते लिहून घ्यायची पद्धतही पाडावी.

— एक वाचक, सातारा