'एलएस' पाठ करून घेऊ नका, वाचायला शिकवा

महोदय,

महाविद्यालयांत लिनक्स या संगणकप्रणालीचे प्रात्यक्षिक सुरू झाले की पहिल्याच तासाला फळ्यावर 'एलएस' ही आज्ञा येते आणि बहुतेक ठिकाणी दहा मिनिटांत तो विषय संपतो. 'डिरेक्टरीतील (म्हणजे फोल्डरमधील) फाइलींची यादी दाखवणारी आज्ञा' एवढी व्याख्या वहीत उतरते, तिच्याखाली आज्ञेला जोडायच्या 'मायनस एल', 'मायनस ए' अशा पर्यायांची जंत्री येते आणि परीक्षेत तीच जंत्री लिहून गुण मिळतात. बरीच वर्षे हा विषय शिकवत असल्याने मला याची मनापासून खंत वाटते. मोबाइलवर वाढलेल्या मुलांना आपली फाइल नेमकी कुठे ठेवली जाते हा प्रश्नच कधी पडलेला नसतो आणि तो पडावा यासाठी या आज्ञेहून चांगली सुरुवात नाही.

ही आज्ञा लिनक्सने जिचा आदर्श घेतला त्या युनिक्स प्रणालीच्या नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या माहितीपुस्तिकेतही आहे. ती फक्त पाहते, काहीही बदलत नाही. म्हणून नवशिक्याने ती कितीही वेळा चालवली तरी नुकसान होत नाही. फाइली पुसणारी 'आरएम' ही आज्ञा देण्यापूर्वी फाइलींच्या नावांचा तोच नमुना 'एलएस'ला देऊन कोणती नावे येतात ते पाहावे, ही सवय मी पहिल्या आठवड्यातच लावते.

खरे शिक्षण 'एलएस मायनस एल'पासून, म्हणजे तपशीलवार यादीपासून, सुरू होते. प्रत्येक ओळीच्या आरंभी दहा अक्षरे असतात: पहिले अक्षर ती साधी फाइल आहे की डिरेक्टरी ते सांगते आणि पुढची नऊ, तीन-तीनच्या गटांत, मालकाला, त्याच्या गटाला आणि इतर सर्वांना वाचण्याची, लिहिण्याची व चालवण्याची परवानगी आहे की नाही ते सांगतात. आपली प्रकल्पवही सगळ्या वर्गाला उघडता येते, हे विद्यार्थ्याला या नऊ अक्षरांतून स्वतः कळले की संगणकसुरक्षेवरचे निराळे व्याख्यान द्यावे लागत नाही. त्याच ओळीत तारीख असते. फाइल सहा महिन्यांहून जुनी असेल तर वेळेच्या जागी वर्ष छापले जाते. हे न सांगितल्यामुळे फाइलची वेळच नाहीशी झाली असे समजून गोंधळलेली मुले मी पाहिली आहेत.

टिंबाने सुरू होणारी नावे 'मायनस ए' दिल्याशिवाय दिसत नाहीत, हे सगळेच शिकवतात. ते तसे का, हे क्वचितच. चालू डिरेक्टरीचे एक टिंब आणि वरच्या डिरेक्टरीची दोन टिंबे यादीत येऊ नयेत म्हणून सुरुवातीच्या काळात नावाचे फक्त पहिले अक्षर तपासले गेले आणि त्यामुळे टिंबाने सुरू होणारे प्रत्येक नाव लपले, असे युनिक्सच्या घडणीत सहभागी असलेल्या रॉब पाइक यांनी सांगितले आहे. ही हकिकत ऐकलेला विद्यार्थी तो पर्याय विसरत नाही.

मराठी नावांचा प्रश्न तर अभ्यासक्रमात येतच नाही. भाषेची मांडणी (लोकेल) 'सी', म्हणजे फक्त मूळ इंग्रजी अक्षरे ओळखणारी, ठेवलेल्या संगणकावर देवनागरी नावाच्या जागी तिरप्या रेघा आणि ३४०, २४४ असे आकडे उमटतात, तेव्हा फाइल बिघडली असे वाटते. प्रत्यक्षात ती शाबूत असते. याच मांडणीत यादी युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या संकेताच्या क्रमाने लागते आणि त्या क्रमात 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये येतो, त्यामुळे 'कळस' हे नाव 'कवी'च्या आधी दिसते. वर्णमालेत 'ह'नंतर 'ळ' म्हणणाऱ्या आपल्या मुलांना हे समजावून सांगायलाच हवे.

मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठीतूनही उपलब्ध आहेत, तेव्हा साहित्य नाही ही सबब उरत नाही. अभ्यास मंडळांना माझी विनंती एवढीच आहे की, प्रात्यक्षिक परीक्षेत पर्यायांची यादी विचारण्याऐवजी पंधरा-वीस फाइलींची खरी डिरेक्टरी विद्यार्थ्यापुढे ठेवावी आणि यांतील कोणती फाइल कोण बदलू शकतो, सर्वांत अलीकडे कोणती बदलली आणि कोणती लपलेली आहे, हे त्याला यादी वाचून सांगायला लावावे.

आपली,
एक संगणक शिक्षिका, सातारा