ऑस्ट्रेलियाचा प्रतिनिधी, मुक्काम विडी घरकुल

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका निवृत्त सरांनी लिहिलं होतं की आजकालची कॉलेजची पोरं स्पर्धा काय आणि समाजसेवा काय, सगळं सर्टिफिकेटसाठी करतात. वाचून आधी डोकं फिरलं. मग कपाटावरची फाईल काढून बघितली तर १९ सर्टिफिकेटं निघाली आणि त्यातली सात-आठ नेमकी कशाची आहेत ते मलाच आठवेना. म्हणजे सर निम्मे तरी बरोबर आहेत. उरलेल्या निम्म्यासाठी हे पत्र लिहितोय, जरा लांब झालंय, कापायचं तर कापा पण अंगठ्याचं तेवढं ठेवा.

मी टीवाय बीएला आहे, राहतो विडी घरकुलात. घरी तेलुगू, गल्लीत मराठी, पलीकडच्या गल्लीत कन्नड, असं आपल्या सोलापुरात असतं तसंच. वडील पॉवरलूमवर टॉवेलच्या कामाला आणि अम्मा विड्या वळते. शाळेत मी भाषणातला हुशार मुलगा म्हणून फेमस होतो, कारण १२ जानेवारीला हुतात्मा दिनाचं भाषण दरवर्षी माझ्याकडेच यायचं. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, १२ जानेवारी १९३१, येरवडा, म्हणजे सोलापूरच्या चार हुतात्म्यांची नावं, फाशीची तारीख आणि तुरुंग, हे मी एका श्वासात म्हणायचो आणि ‘येरवडा’ला उजवा हात वर. पाचवी ते नववी तेच भाषण, सरांनी लिहून दिलेलं, फक्त प्रमुख पाहुण्यांचं नाव बदलायचं. १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ लागला म्हणजे नेमकं काय झालं, ही माणसं काय काम करत होती, हे पाच वर्षांत मी एकदाही कुणाला विचारलं नाही, आणि कुणी मलाही विचारलं नाही. टाळ्या मात्र दरवर्षी.

कॉलेजात वादविवादात उतरलो तेव्हा ही सगळी हवा पहिल्याच फेरीत गेली. विषय होता शिकून झाल्यावर सोलापूर सोडून पुण्याला जाणं हाच तरुणांपुढचा मार्ग आहे का, आणि चिठ्ठीत माझ्या वाट्याला ‘आहे’ आलं. मनातून मला ‘नाही’ पाहिजे होतं. तरी बोललो, जोरात बोललो, समोरच्या मुलीला पूर्ण झोपवलं असं मला वाटलं. निकालानंतर परीक्षक सर म्हणाले, बाळा तू बोलतोस चांगलं पण ऐकत नाहीस, तिनं जो मुद्दा दोन मिनिटांपूर्वी मान्यच केला होता तोच तू परत दोन मिनिटं खोडत बसलास. पोरं हसली. कँटीनमध्ये आठवडाभर मला ‘काय बे, खोडरबर’ म्हणून हाका. राग आला होता सरांचा, आता नाही येत.

मग सेकंड इयरला पुण्यात एक मॉडेल युएन होतं तिथं गेलो. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो, यात संयुक्त राष्ट्रांची खोटी खोटी सभा भरवतात, प्रत्येकाला एक देश मिळतो, देशाच्या नावाची पाटी वर केली की अध्यक्ष बोलायला देतात, आणि दोन दिवस चर्चा, भांडणं, कॉरिडॉरमध्ये सेटिंग करून शेवटी एक ठराव लिहायचा. गंमत म्हणजे तिथं ‘मी’ म्हणायचं नसतं. मला असं वाटतं म्हटलं की अध्यक्ष टोकतात, ‘ऑस्ट्रेलियाला असं वाटतं’ असं म्हणावं लागतं. तर मी ऑस्ट्रेलिया होतो. दीड हजार फी दोन मित्रांकडून उसनी, ब्लेझर मामाच्या पोराचा, त्याच्या रिसेप्शनचा, खांद्याला दोन इंच मोठा. कमिटी जागतिक आरोग्य संघटनेची आणि विषय तंबाखू नियंत्रण.

विषय कळला तेव्हाच खरं तर मला काहीतरी टोचायला पाहिजे होतं. नाही टोचलं. मी तयारीला लागलो, आणि ऑस्ट्रेलिया म्हणजे या विषयात सचिन तेंडुलकर आहे हो, १ डिसेंबर २०१२ पासून तिथं सिगारेटची सगळी पाकिटं एकाच मळकट हिरव्या-तपकिरी रंगाची, कंपनीचा लोगो नाही, नुसते भयानक फोटो आणि बारीक अक्षरात नाव. असा नियम पूर्ण लागू करणारा जगातला पहिला देश. सिगारेट कंपनी लवादात गेली ती २०१५ ला हरली, काही देश जागतिक व्यापार संघटनेत गेले ते पण २०२० ला अपिलात हरले. हे सगळं मी तारखांसकट फाडफाड बोललो, इंग्रजीत, पाठ करून. मग मलावीच्या पाटीमागच्या मुलीने विचारलं की आमच्या देशाची निर्यातीतली निम्मी कमाई तंबाखूच्या पानावर आहे, उद्या तुम्ही म्हणता तशी बंदी आली तर शेतात आणि कारखान्यात राबणाऱ्या बायकांनी काय करायचं? मी उभा राहिलो, ब्लेझरचं बटण लावलं आणि म्हणालो, त्यांना दुसऱ्या कामाचं ट्रेनिंग देता येईल, हा काही मोठा प्रश्न नाही. लोकांनी बाकं वाजवली. मला स्पेशल मेन्शन, म्हणजे विशेष उल्लेखाचं सर्टिफिकेट मिळालं.

संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने परत आलो. त्याच चौघांच्या नावाची गाडी, पण तेव्हा माझं लक्ष सर्टिफिकेटच्या फोटोला किती लाईक पडले त्याच्यात. घरी पोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले असतील. अम्मा मांडीवर सूप घेऊन बसलेली, दुसऱ्या दिवशीच्या हजार विड्या पूर्ण व्हायच्या होत्या. ओल्या गोणपाटातलं पान काढायचं, पत्र्याचा तुकडा त्यावर ठेवून कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायचा, वळायचं, दोऱ्याचे दोन वेढे, तोंड दुमडायचं. हे ती टीव्ही बघत करते, हाताकडे बघत पण नाही. तिनं विचारलं काय मिळालं, मी म्हटलं स्पेशल मेन्शन, ती म्हणाली त्यात पैसे असतात का? नाही म्हटलं. मग कशावर बोललास? म्हटलं आरोग्यावर. चांगलंय की, म्हणाली आणि कात्री चालू. ब्लेझर खुंटीला अडकवला, सकाळपर्यंत त्याला घरच्या तंबाखूचा वास लागला होता, मामाच्या पोराला परत द्यायच्या आधी दोन दिवस गच्चीवर टाकला.

ट्रेनिंग देता येईल, हा काही मोठा प्रश्न नाही. हे वाक्य मी ज्या बाईबद्दल बोललो ती समोर बसली होती आणि वय ४८, चष्म्याचा नंबर वाढलेला, लहानपणापासून हेच काम. कुठलं ट्रेनिंग आणि कोण देणार? त्या रात्री मी जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रणाचा आंतरराष्ट्रीय करार पहिल्यांदा नीट उघडून वाचला, २००३ चा, भारताने २००४ ला मान्य केलेला. त्याच्यात कलम १७ आहे, तंबाखूच्या कामगारांना, शेतकऱ्यांना आणि विक्रेत्यांना परवडेल असा दुसरा रोजगार मिळवून देण्याबद्दल. म्हणजे मलावीने विचारलेला प्रश्न करारातच लिहिलेला होता आणि मी तेवढंच पान सोडून सगळं पाठ केलं होतं. गैरसमज नको, तंबाखू वाईटच आहे, अम्माचा खोकला मी रोज ऐकतो. पण तिच्याबद्दल बोलताना तिला काही विचारायचं असतं हे मला सुचलंच नव्हतं.

आता एनएसएसचं, म्हणजे कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेचं. इथं ते पत्र लिहिणारे निवृत्त सर बरोबर आहेत असं मला म्हणावं लागतंय. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर असा हिशेब असतो, पण आमच्याकडे पहिल्या वर्षी तास वहीतच जास्त भरले गेले. स्वच्छता अभियानात एकच कचऱ्याचा ढीग आम्ही तीनदा झाडला, एकदा फोटोसाठी, एकदा पाहुणे आल्यावर आणि एकदा बॅनर उलटा धरला होता म्हणून परत. दुसऱ्या वर्षी कार्यक्रम अधिकारी बदलल्या, त्या मॅडम म्हणाल्या झाडू ठेवा, रविवारी आपापल्या गल्लीत जा, लोकांना काय अडलंय ते विचारा आणि लिहून आणा. आम्ही चौघं समाज मंदिराच्या ओट्यावर वही घेऊन बसलो. वाटलं होतं लोक पाण्याचं बोलतील, ते तर बोललेच, नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात दुसरं काय बोलणार. पण म्हाताऱ्या विडी कामगार बायका एकच घेऊन आल्या. पेन्शन थांबली.

पीएफची पेन्शन, कमीत कमी १००० रुपये, २०१४ पासून तोच आकडा. ती चालू राहायला वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, आता तो मशीनवर अंगठा लावून निघतो. आणि यांचा अंगठा उमटत नाही. चाळीस चाळीस वर्षं पान, कात्री आणि दोरा, बोटाच्या रेषाच गेल्यात. एक अक्का आल्या होत्या, त्यांनी माझ्यासमोर अंगठा पदराला पुसला, जिभेला लावला, परत पुसला, मशीनवर ठेवला, लाल. दुसरं बोट, लाल. दहाच्या दहा बोटं झाली. मग मशीनवाल्या पोराकडे न बघता माझ्याकडे बघून तेलुगूत म्हणाल्या, बाळा, या बोटांनीच पीएफ कापला होता की रे.

यावर बोलायला माझ्याकडे काही नव्हतं, मुद्दा नाही, तारीख नाही, काहीच नाही.

मग शोधाशोध केल्यावर कळलं की मोबाईलवर चेहरा दाखवून पण हा दाखला काढता येतो. पुढच्या रविवारपासून तेच चालू केलं. वाटतं तेवढं सोपं नाही, आधारवर नाव एक, पासबुकात दुसरं (आमची तेलुगू आडनावं लिहिणाऱ्याच्या मर्जीवर असतात), ओटीपी जातो त्या नंबरचं सिम जावयाकडे आणि जावई भिवंडीला. आणि ॲप म्हणतं डोळे मिचकवा. आता अक्कांना तेलुगूत डोळे मिचकवा सांगायचं कसं, एकीने एकच डोळा मारला, अख्खा ओटा हसून लोळला, पण दाखला निघाला. पहिल्या दिवशी मी मशीनसारखा सूचना देत होतो, आधार द्या, इकडे बघा, हलू नका. कुणाचंच काम धड झालं नाही. नंतर कळलं की आधी पाच मिनिटं त्यांचं ऐकायचं, सून कशी आहे, कारखान्यात किती विड्या खराब म्हणून छाट काढतात, गुडघे, सगळं, आणि मग त्या स्वतःच पिशवीतून बरोबर कागद काढतात. परीक्षक सर दोन वर्षांपूर्वी हेच सांगत होते, मला ओट्यावर बसल्यावर समजलं.

यंदा परत एका कॉन्फरन्सला गेलो, देश दुसरा, विषय दुसरा. या वेळी पाटी कमी वेळा वर केली आणि समोरच्याचं वहीत लिहून घेत होतो. बक्षीस काही मिळालं नाही. पण ठरावात ज्यांच्यावर नियम लागू होणार त्यांना आधी विचारलं जावं असं एक कलम घालून घेतलं, त्याच्यासाठी चहाच्या सुट्टीत तीन देशांशी भांडलो. एक जण म्हणाला, यार हे कलम कोण वाचणार आहे. खरंय त्याचं.

आता माझी तक्रार आणि मागणी, कारण नुसतं आत्मचरित्र छापायला तुम्ही जागा देणार नाही. या कॉन्फरन्स सगळ्या इंग्रजीत, फी हजार-दोन हजार, वर ब्लेझर, गाडीभाडं, राहायचं. आमच्या ओट्यावर माझ्यापेक्षा चांगलं बोलणारी एक मुलगी आहे, तेलुगू माध्यमाची, घरी पाच जणांचा हिशेब तीच बघते आणि रेशन दुकानदाराला गप्प करते, ती तिथं कधीच पोचणार नाही. सोलापुरात अशी सभा मराठीत का होऊ नये? आपल्याकडे विद्यापीठ आहे, एवढी कॉलेजं आहेत, हुतात्मा स्मृती मंदिरासारखं सभागृह आहे. आणि देश कशाला पाहिजेत, उजनी धरणाच्या पाण्याचा विषय घ्या. एकाला माढा द्या, एकाला इंदापूर, एकाला पंढरपूर, एकाला सोलापूर शहर, एकाला ऊस, एकाला एमआयडीसी. २०२१ मध्ये इंदापूरला उजनीचं पाच टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी द्यायचा निर्णय झाला आणि महिनाभरात मागे घ्यावा लागला, तेव्हा जिल्ह्यात किती रान पेटलं होतं ते सगळ्यांना आठवत असेल. ज्याच्या घरी पाच दिवसांनी पाणी येतं त्याला चिठ्ठीत इंदापूर आलं पाहिजे आणि इंदापूरचं पाणी का पाहिजे हे त्याला उभं राहून सांगता आलं पाहिजे, खरी मजा तिथं आहे. फक्त एक अट, बोलायच्या आधी एक रविवार त्या त्या लोकांकडे जाऊन बसायचं. वहीत नाही, खरंच.

आमचं दाखल्याचं काम दर रविवारी सकाळी दहा ते एक चालू असतं. येताना आधार, बँकेचं पासबुक, पेन्शनचा नंबर असलेला कागद आणि ज्याच्यात सिम आहे तो फोन आणा, जावयाकडे असेल तर जावयाला फोन चालू ठेवायला सांगा.

आणि संपादक साहेब, माझं नाव कृपया छापू नका. अम्माला मराठी वाचता येत नाही पण खालच्या घरातल्या अक्का तिला रोज तुमचा पेपर वाचून दाखवतात, आणि ऑस्ट्रेलियाचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.

आपला,
एक विद्यार्थी, विडी घरकुल, सोलापूर